पाडवा नसलेले सालगडी

मराठवाड्यात आणि विदर्भात गुढीपाडव्याच्या सुमारास सालगड्यांचे करार होतात. खानदेशात हाच मुहूर्त आखाजीचा असतो. वर्षाची रक्कम, धान्य, कपडालत्ता असे काय काय ठरते आणि गडी एका मालकाच्या वाड्यावरून दुसऱ्याच्या वाड्यावर जातो. अंगावर जुन्या मालकाची उचल शिल्लक असेल तर नवा मालक ती फेडतो. न फेडल्यास गडी मुकाट्याने तेथेच राहतो. या व्यवस्थेत न्याय फारसा नाही, हे ज्याने ग्रामीण महाराष्ट्र पाहिला आहे त्याला सांगावयास नको. तथापि, तीत एक गोष्ट निश्चित आहे. वर्षातून एक दिवस असा उगवतो की, त्या दिवशी मालक बदलता येतो.

अमेरिकेत ग्रीनकार्डाची वाट पाहत असलेल्या लाखो भारतीय अभियंत्यांच्या आयुष्यात असा दिवस दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे उगवत नाही. ही तुलना ऐकून कोणी हसेल. न्यू जर्सीत स्वतःचे घर आणि दारात दोन मोटारी बाळगणारा माणूस सालगडी कसा, असा प्रश्न विचारला जाईल आणि पैशाच्या दृष्टीने तो रास्तच आहे. या मंडळींबद्दल कणव निर्माण करण्याचा येथे हेतूही नाही. परंतु प्रश्न वेतनाचा नसून दाव्याचा आहे. दावे सुताचे की रेशमाचे, हा नंतरचा विचार.

व्यवस्था समजावून घेतल्यावाचून तिच्यातील गोम कळणार नाही. परदेशी कर्मचाऱ्याला कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीनकार्ड, मिळवून देऊ इच्छिणाऱ्या कंपनीला प्रथम अमेरिकेच्या श्रम खात्यापुढे असे सिद्ध करावे लागते की, या विशिष्ट जागेसाठी, या विशिष्ट ठिकाणी आणि प्रचलित वेतनात लायक अमेरिकन माणूस जाहिरात देऊनही मिळाला नाही. हा दाखला २००५ पासून ‘पर्म’ या नावाने ओळखला जातो. तो हाती आला की कंपनी स्थलांतर खात्याकडे आय-१४० हा दुसरा अर्ज करते. या दोन्ही कागदांचा धनी मालक. वकील मालकाचा, फाईल मालकाची. ज्याच्या आयुष्याचा हा अर्ज, त्याला पुष्कळदा त्याची प्रतही पाहावयास मिळत नाही. तिसरा अर्ज आय-४८५ चा. तो मात्र कर्मचारी स्वतःच्या नावाने करतो. परंतु तो करण्यासाठी रांगेत त्याचा क्रमांक लागावा लागतो, आणि घोडे पेंड खाते ते नेमके येथेच.

१९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाकाठी सुमारे १ लाख ४० हजार ग्रीनकार्डे ठेवली. त्यांत अर्जदाराची पत्नी वा पती आणि मुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, असा दंडक आहे. आइसलंडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास आणि आपली एकशेचाळीस कोटींच्या वर. कमाल मर्यादा दोघांना तीच. इतरांनी न वापरलेली कार्डे कधी कधी भारताकडे वळतात, पण त्यांचा भरवसा धरता येत नाही. वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटमधील अभ्यासक डेव्हिड बियर यांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या रांगेत सुमारे १८ लाख प्रकरणे होती आणि त्यांपैकी सुमारे ११ लाख भारतीयांची होती. नव्याने रांगेत उभ्या राहणाऱ्या भारतीयाला १३४ वर्षे थांबावे लागेल, असे त्यांचे गणित होते. अर्थात १३४ वर्षे कोणी थांबत नाही. माणूस रांग सोडून जातो, निवृत्त होतो किंवा मरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातील भारतीयांची तारीख २०२५ च्या अखेरीसही २०१३ सालातच घुटमळत होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मधल्या काळात नोकरी बदलली तर काय, हा प्रश्न अमेरिकन काँग्रेसला सुचलाच नव्हता असे नाही. ऑक्टोबर २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी एकविसाव्या शतकातील अमेरिकेच्या स्पर्धाक्षमतेचा उद्घोष करणाऱ्या एका भारदस्त नावाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यात एक छोटेसे कलम होते. आय-४८५ अर्ज १८० दिवस वा त्याहून अधिक काळ निकालावाचून पडून राहिला असेल, तर अर्जदाराने मालक बदलला तरी जुन्या मालकाने मिळविलेली मंजुरी कायम राहील. अट एवढीच की, नवे काम ‘त्याच किंवा तत्सम’ व्यवसायातील असावे. त्या काळी स्थलांतर खात्याच्या कचेऱ्यांत अर्ज वर्षानुवर्षे धूळ खात पडत. सरकारी दिरंगाईची शिक्षा अर्जदाराने का भोगावी, हा या कलमामागचा विचार होता. त्यामागील तत्त्व मोलाचे आहे. एका मर्यादेपलीकडे अर्ज मालकाचा राहत नाही, तो माणसाचा होतो, हे अमेरिकेच्या कायद्याने येथे प्रथमच स्पष्टपणे मान्य केले.

परंतु कायदा करणाऱ्यांनी डोळ्यांपुढे ठेवला होता तो दप्तराचा विलंब. भारतीयांच्या वाट्याला आला तो आकड्यांचा विलंब, आणि हा विलंब तिसरा अर्ज दाखल होण्याच्या आधीच सुरू होतो. ज्याला आय-४८५ दाखलच करता येत नाही, त्याचे १८० दिवस मोजावयाचे कोठून? ज्या देशांची रांग लहान आहे त्यांचे नागरिक लवकर अर्ज करतात, सहा महिने थांबतात आणि मोकळे होतात. पुष्कळदा तोवर त्यांच्या हाती कार्डच पडते. ज्याला या सवलतीची सर्वाधिक गरज, तो तिच्यापासून सर्वांत दूर. निदान बरोबर, औषधही बरोबर. फक्त औषधाची बाटली अशा फळीवर ठेवली आहे की, बरे होत आलेल्या रोग्याचाच हात तेथवर पोहोचावा.

सांगली भागातील दोन तरुणांची हकिगत माझ्या परिचयाची आहे. दोघे एकाच महाविद्यालयातून अभियंते झाले, थोड्याफार अंतराने अमेरिकेस गेले आणि दोघांचेही अर्ज तिसऱ्या वर्गातील. एकाची अग्रक्रमाची तारीख डिसेंबर २०१४ ची, दुसऱ्याची फेब्रुवारी २०१५ ची. ऑक्टोबर २०२० मध्ये परराष्ट्र खात्याच्या मासिक पत्रकाने तिसऱ्या वर्गातील भारतीयांना अर्ज दाखल करण्यासाठीची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत पुढे नेली. पहिल्याने त्या महिन्यात आय-४८५ दाखल केला. १८० दिवस भरले, काम करण्याचा स्वतंत्र परवाना मिळाला आणि त्यानंतर त्याने दोनदा नोकरी बदलली. दुसऱ्या खेपेस तर पगार थोडा कमी घेऊन त्याने पत्नीच्या नोकरीच्या गावी काम धरले. त्याला ग्रीनकार्ड अजून मिळालेले नाही. तो रांगेतच आहे. पण त्याच्या गळ्यात दावे नाही.

दुसरा दोन महिन्यांनी हुकला. २०२३ च्या आरंभी अमेरिकेतील संगणक कंपन्यांनी नोकरकपात केली, तीत त्याची जागा गेली. एच-१ बी परवान्यावरील माणसाला नोकरी सुटल्यापासून कमाल ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवा मालक शोधावयाचा किंवा गाशा गुंडाळावयाचा. २०१७ पूर्वी हे साठ दिवसही नव्हते, म्हणून त्यांबद्दल कृतज्ञ राहावे, असे त्याच्या वकिलाने त्याला सांगितले म्हणे! त्याच काळात मिरजेत वडील रुग्णालयात होते. पारपत्रावरील व्हिसाचा शिक्का केव्हाच संपलेला. एकदा देश सोडला की वकिलातीत मुलाखतीची वेळ मिळणार कधी आणि कोणत्या नोकरीच्या आधारावर परतणार, या विवंचनेत तो आला नाही. एकेचाळीसाव्या दिवशी त्याला दुसऱ्या राज्यात, कमी पगाराची नोकरी मिळाली. पगाराबद्दल एक शब्दही न काढता त्याने ती घेतली. २०१७ च्या नियमामुळे त्याची जुनी तारीख शाबूत राहिली, कारण आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस लोटल्यावर जुना मालक ती हिरावून घेऊ शकत नाही. मात्र श्रम खात्याचा दाखला आणि आय-१४० हे दोन्ही सोपस्कार नव्या मालकाने पहिल्यापासून करावयाचे. त्याची मुलगी भारतात जन्मलेली. २०३० मध्ये तिला एकवीस वर्षे पूर्ण होतील आणि कायद्याने दिलेली काही दिवसांची वजावट धरली तरी त्यानंतर ती आईबापांच्या अर्जातून गळेल.

दोघांत गुणवत्तेचा फरक नव्हता. फरक दोन महिन्यांचा, आणि तोही त्यांच्या मालकांच्या वकिलांनी कागद कधी पाठविले याचा. पहिल्याला ग्रीनकार्ड मिळाले म्हणून तो मोकळा झाला असे नव्हे. अर्ज दाखल झाला म्हणून मोकळा झाला. ही गोष्ट नीट लक्षात घेतली म्हणजे या प्रश्नावरील निम्मा वाद अनावश्यक ठरतो.

असाच एक प्रसंग २००७ मध्येही घडला होता. जुलै महिन्याच्या पत्रकाने नोकरीवर आधारलेले जवळजवळ सर्व वर्ग खुले झाल्याचे जाहीर केले. लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या उरकल्या, कागदपत्रे जमविली, कोणी लग्न पुढे ओढले. आणि २ जुलैला सरकारने सांगितले की, यंदाची संख्या संपली, अर्ज घेणार नाही. त्यावर तेथील भारतीयांनी केलेला निषेध आपल्याला ओळखीचा आहे. आदल्याच वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ हा चित्रपट आला होता. त्यातील गांधीगिरीचे अनुकरण करून त्यांनी स्थलांतर सेवेचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कार्यालयात फुलांचे गुच्छ धाडले. गोन्झालेझ यांनी ती फुले वॉल्टर रीड रुग्णालयातील जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. फुलांनी की न्यायालयीन कज्ज्याच्या धास्तीने, ते सांगणे कठीण. परंतु १७ जुलैला सरकारने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. त्या उन्हाळ्यात अर्ज केलेल्या कितीतरी भारतीयांना प्रत्यक्ष कार्ड मिळण्यास पुढे अनेक वर्षे लागली. मधल्या काळात त्यांनी नोकऱ्या बदलल्या, काहींनी स्वतःचे व्यवसाय थाटले. अमेरिकेवर आकाश कोसळले नाही.

तेव्हा रांग न हलविताही दावे सोडता येते, हे दोनदा अनुभवास आले आहे. दोन्ही वेळा ते योगायोगाने घडले, हीच काय ती खंत.

अर्थात १८० दिवसांनंतरचे स्वातंत्र्यही निर्भेळ नाही. ‘तत्सम’ या शब्दात बरेच काही दडलेले आहे. बारा वर्षांपूर्वी आज्ञावली लिहिणारा माणूस आज विभागप्रमुख झाला तर त्याचे काम तत्सम की निराळे? मार्च २०१६ मध्ये खात्याने काढलेल्या मार्गदर्शक टिपणाने केवळ व्यवसायाचा संकेतांक न पाहता कामाचे एकूण स्वरूप पाहावे असे सांगितले आणि स्वाभाविक बढती मान्य केली, हे ठीकच झाले. तरीही चाळिशीला आलेल्या अभियंत्याला शाळेत गणित शिकवावेसे वाटले, तर त्याने ते मनातच ठेवावे. जानेवारी २०१७ पासून नव्या मालकाची सही असलेले एक पुरवणी पत्रही द्यावे लागते. म्हणजे एका मालकाच्या कचाट्यातून सुटावयाचे ते दुसऱ्याच्या सहीने. स्वतःचा व्यवसाय हीच नवी नोकरी म्हणून दाखविता येते, परंतु त्या वाटेने जाणारे थोडे.

आणि जुना मालक सोडला तरी त्याची सावली सुटतेच असे नाही. न्यूयॉर्कमधील दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये निकालात काढलेले एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. एका महिलेने कायद्याच्या चौकटीत राहून नोकरी बदलली होती. पुढे तिच्या जुन्या कंपनीच्या वतीने दुसऱ्याच कोणाच्या प्रकरणात लबाडी झाल्याचे उघड झाले आणि खात्याने त्या कंपनीच्या अर्जांवर वरवंटा फिरविला. त्यात हिचीही मंजुरी रद्द झाली. नोटीस गेली ती त्या जुन्या कंपनीला, जिला हिच्याशी आता काही कर्तव्य उरले नव्हते. अशी नोटीस तिला स्वतःला किंवा तिच्या नव्या मालकाला मिळावयास हवी होती, असे न्यायालयाने बजावले. एवढी साधी गोष्ट सांगण्यास अपील न्यायालय लागावे, यावरून अर्ज कोणाचा, याविषयी खात्याच्या मनात किती गोंधळ आहे ते दिसते. भरीस भर म्हणून, कामाच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेवर केल्यास जुना परवाना आपोआप चालू राहण्याची जी सोय होती, ती ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून केलेल्या अर्जांसाठी काढून घेण्यात आली. एच-१ बी सोडून केवळ त्या परवान्यावर काम करणाऱ्या पहिल्या तरुणाची झोप त्यामुळे उडाली आहे. खात्याच्या टेबलावर कागद अडला की कायदेशीरपणे केलेली नोकरीही थांबवावी लागेल.

अमेरिकन कामगाराच्या हिताचे काय, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. परदेशी माणूस स्वस्तात राबवून घेतला तर स्थानिकाचा पगार दबतो, ही भीती खोटी नाही. परंतु तो स्वस्तात राबतो का? सोडून जाता येत नाही म्हणून. पगारवाढ मागितली तर अर्ज लांबणीवर पडेल, जादा तासांबद्दल तक्रार केली तर फाईल मागे घेतली जाईल, ही भीती असलेला माणूस शेजारच्या टेबलावरील अमेरिकनाचाही भाव पाडतो. त्याला मोकळे करणे हे त्या अमेरिकनाच्याच हिताचे आहे. तेथील कामगार संघटनांना हे न कळण्याइतके अवघड नाही.

कंपन्यांचे म्हणणे अधिक प्रामाणिक आहे. आम्ही वकिलांवर खर्च करतो, दाखल्याचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास २००७ पासून बंदी आहे, मग तो लगेच निघून गेला तर आमचे काय? यात तथ्य आहे. काही महिने टिकण्याची अपेक्षा मालकाने ठेवली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु काही महिने आणि पंधरा वर्षे यांत काही अंतर आहे की नाही?

देशवार मर्यादा उठवावी की नाही, हा स्वतंत्र आणि खरोखरच बिकट वाद आहे. ती उठविली तर इतर देशांच्या लोकांची रांग वाढेल आणि त्यांची नाराजी अकारण नसेल. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी ती उठविण्याचे विधेयक संमत केले, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने निराळ्या स्वरूपात केले आणि दोन्हींचा मेळ न बसता ते बारगळले. नोकरी बदलण्याच्या स्वातंत्र्याला मात्र या वादात ओढण्याचे कारण नव्हते. त्यासाठी एकही जादा कार्ड लागत नाही. कोणाचा क्रमांक मागे जात नाही. आय-१४० मंजूर होऊन ठरावीक मुदत लोटली की आय-४८५ दाखल करून घ्यावा आणि कार्ड मात्र क्रमांक येईल तेव्हाच द्यावे, एवढेच करावयाचे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहापुढे आलेल्या विधेयकात ही मुदत दोन वर्षांची होती. परंतु त्यातही देशवार मर्यादेचा मुद्दा गुंफलेला असल्याने ते मतदानाला न टाकताच बाजूला ठेवले गेले. माझ्या मते मुदत १८० दिवसांचीच असावी. हा आकडा नवा शोधावयास नको; २००० च्या कायद्यात आणि २०१७ च्या नियमात तो आहेच.

आपल्याकडे या विषयाची चर्चा होते ती व्हिसांच्या संख्येपुरती. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१ बी अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क बसविण्यात आले, तेव्हा येथे मोठी ओरड झाली आणि ती व्हावयासच हवी होती. तेथे आधीच असलेल्यांच्या मालकबदलाला हे शुल्क लागू नसल्याचा खुलासा झाला. पण त्यांच्यापैकी जो नोकरी गमावून देश सोडील त्याचा परतीचा रस्ता किती महाग झाला, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आणखी एका गोष्टीबद्दल आपण सोयीस्कर मौन पाळतो. न्यू जर्सीत आणि टेक्सासमध्ये माणसे पुरविणाऱ्या ज्या कंपन्या हे दावे सर्वांत घट्ट आवळतात, त्यांतील अनेकांचे मालक आपलेच देशबांधव आहेत. काम नसलेल्या काळात पगार न देणे बेकायदा आहे; तरीही ते चालते आणि ‘तुझी फाईल आमच्याकडे आहे’ हे वाक्य मराठीतही ऐकविले जाते. आखातात रत्नागिरी-रायगडची माणसे दोन पिढ्या मालकाच्या ना-हरकत पत्राच्या जाचाबद्दल बोलत आली. कतारने २०२० मध्ये ते पत्र कायद्यातून काढून टाकले. अंमलबजावणीच्या तक्रारी आहेत, पण कायदा बदलला.

दिल्लीचे वाटाघाटी करणारे पुढच्या खेपेस वॉशिंग्टनला जातील तेव्हा त्यांनी संख्येच्या मागणीबरोबर ही एका ओळीची मागणीही टिपणात घालावी. ती देण्यास अमेरिकेला काही खर्च नाही. सांगलीच्या दुसऱ्या तरुणाच्या नव्या कंपनीने दाखल्याची प्रक्रिया वर्षभरानंतर सुरू करू असे त्याला सांगितले होते. ते वर्ष केव्हाच उलटले. जाहिरात अद्याप निघालेली नाही आणि ती कधी निघणार, हे विचारण्याचे धाडस त्याला झालेले नाही.